सिगारेटविरुद्ध मतलेख कसा लिहावा: वाचक निवडण्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत

सिगारेट ओढणाऱ्या माणसानं 'धूम्रपान आरोग्यास घातक आहे' हे वाक्य तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा वाचलेलं असतं. १ एप्रिल २०१६ पासून भारतात पाकिटाच्या दर्शनी भागांचा ८५ टक्के हिस्सा धोक्याच्या चित्राला आणि मजकुराला दिलेला आहे. दिवसाला दहा ओढणारा तो मजकूर दहा वेळा हातात धरतो. २०१२ पासून तंबाखूची दृश्यं असलेल्या चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्ये किमान ३० सेकंदांची इशाऱ्याची फीत दाखवावी लागते, आणि ती चालू असताना प्रेक्षक पॉपकॉर्नचा हिशेब करत असतात. त्यामुळे 'सिगारेट वाईट असते' एवढंच सांगणारा लेख कितीही कळकळीनं लिहिला तरी पहिल्या परिच्छेदात संपतो.

धोका माहीत असणं आणि आज संध्याकाळी तरीही ओढणं, या दोन्हींच्या मध्ये माणसानं स्वतःची समजूत घालणारं एक कारण ठेवलेलं असतं. 'दोनच तर ओढतो.' 'टेन्शन किती आहे माहितीये?' 'आजोबा नव्वद वर्षं जगले.' मतलेखाला त्या कारणापर्यंत पोचायचं असतं. ७०० ते ८०० शब्दांच्या लेखात ते कसं जमवायचं, ते पुढे क्रमानं दिलं आहे.

पहिली पायरी: वाचक एकच ठरवा

लिहायला बसण्याआधी कागदावर एका माणसाचं वर्णन करा: वय, काम, सिगारेटशी नातं. 'समाज' आणि 'तरुण पिढी' हे वाचक नव्हेत. लेखाचा वाचक साधारण चारांपैकी एक असतो: स्वतः ओढणारा, ओढणाऱ्याच्या घरातला, अजून सुरू न केलेला किंवा नुकता सुरू केलेला किशोर, आणि निर्णय घेऊ शकणारा माणूस, म्हणजे प्राचार्य, नगरसेवक, कार्यालयाचा व्यवस्थापक, सोसायटीचा सचिव.

एकच वस्तुस्थिती या चौघांवर वेगवेगळी लागू पडते. पंचावन्नाव्या वर्षी होणारा कर्करोग सोळा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट वाटतो. त्याला टोचतं ते आपल्याला कुणीतरी वापरून घेतंय हे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यानं १९९८ साली किशोरांसाठी सुरू केलेली मोहीम याच सूत्रावर उभी होती. मुलांना आरोग्याचे धडे देण्यापेक्षा कंपन्या त्यांना कसं गाळात ओढतात ते दाखवण्यावर तिचा भर होता, आणि शाळकरी मुलांमधलं धूम्रपान पुढच्या एक-दोन वर्षांत लक्षणीय घटलं. किशोरासाठी लिहीत असाल तर ४ जानेवारी १९५४ची जाहिरात हाताशी ठेवा. सिगारेट आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणारे अभ्यास येऊ लागल्यावर अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांनी त्या दिवशी ४०० हून अधिक वर्तमानपत्रांत एकत्र निवेदन छापलं: तुमचं आरोग्य आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. १९६९ साली मात्र त्यांच्यापैकी एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात 'संशय हेच आपलं उत्पादन' असं लिहिलेलं होतं. ही दोन कागदपत्रं शेजारी ठेवली की किशोराला आणखी काही समजावावं लागत नाही.

प्राचार्यांसाठी लिहिताना हेच दोन दाखले वाया जातात. त्यांना लागतो कायदा, अंतर आणि जबाबदार कोण याचं उत्तर.

दुसरी पायरी: मागणी एका वाक्यात लिहा

कोणी, काय आणि कधीपर्यंत करायचं, हे तिन्ही त्या वाक्यात हवं. 'धूम्रपानाला आळा बसला पाहिजे' यात तिन्ही गायब आहेत. 'महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी जुलै संपण्यापूर्वी कुंपणापासून १०० यार्डांच्या आतल्या तंबाखूविक्रीची लेखी तक्रार महापालिका आणि पोलीस ठाण्यात द्यावी' हे लिहिता आलं, तर लेख निम्मा झाला. हे वाक्य चिकटवून ठेवा आणि लेखातला प्रत्येक परिच्छेद त्याच्याकडे जातो का ते तपासत राहा.

जो कायदा कधीचाच झालेला आहे तोच 'करावा' अशी मागणी मराठी लेखांत वारंवार दिसते. हा दोष सर्वांत घातक आहे, कारण जाणकार वाचक तिथेच पान उलटतो. म्हणून एवढं पक्कं माहीत हवं:

सार्वजनिक ठिकाणी ओढण्यावर बंदी आहेच. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २००१ रोजी तसा आदेश दिला. त्यानंतर २००३चा सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थांचा कायदा आला, आणि सार्वजनिक ठिकाणांबद्दलचे आजचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत. कामाची ठिकाणंही त्यांत येतात. दंड २०० रुपयांपर्यंत आहे. विमानतळ, ३० किंवा अधिक खोल्यांची हॉटेलं आणि ३० किंवा अधिक आसनांची उपाहारगृहं यांना वेगळी धूम्रपान-जागा ठेवण्याची सवलत या नियमांत आहे. '१०० टक्के बंदी' अशी तुमची मागणी असेल तर लढाई या सवलतीशी आहे, आणि ते लेखात स्पष्ट लिहा.

१८ वर्षांखालच्यांना विक्री, आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्री, दोन्हींना मनाई आहे. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि ते संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत मोजायचे, फाटकापासून रस्त्यानं नव्हे. हा फरक माहीत नसल्यामुळे 'आमची टपरी लांब आहे' या उत्तरापुढे तक्रारदार गप्प बसतो. अल्पवयीनाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायदा २०१५च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात सुट्या सिगारेट-विड्यांच्या विक्रीवर २०२० पासून बंदी आहे. हुक्का पार्लरवर राज्यात २०१८ पासून, तर ई-सिगारेटवर देशभर २०१९ पासून बंदी आहे.

एवढं सगळं कायद्यात असताना बहुतेक लेखांची खरी मागणी अंमलबजावणीची असायला हवी. म्हणजे कोणत्या अधिकाऱ्यानं काय केलं नाही, हे सांगायला हवं.

तिसरी पायरी: आकडे तीनच, पण अचूक

आठशे शब्दांत तीनपेक्षा जास्त आकडे राहत नाहीत. ते निवडताना एक कसोटी लावा: हा आकडा ऐकून माझा वाचक काय करेल?

ओढणाऱ्यासाठी सगळ्यांत उपयोगी आकडे ब्रिटिश डॉक्टरांच्या अभ्यासातले आहेत. १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी सुमारे ३४ हजार पुरुष डॉक्टरांची नोंद घ्यायला सुरुवात केली, आणि ५० वर्षांचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यभर ओढत राहिलेले, कधीच न ओढलेल्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आधी गेले. पण खरी ताकद पुढच्या ओळीत आहे: साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सुमारे ३ वर्षं परत मिळाली, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना जवळजवळ सगळी १०. वाचकाचं वय ४२ असेल तर तो या ओळीत स्वतःला शोधतो. 'जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक मृत्यू' हा आकडाही खरा आहे, पण त्यात कुणीच स्वतःला शोधत नाही.

महाराष्ट्राबद्दल लिहिताना एक गफलत हमखास होते. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात १५ वर्षांवरच्या २६.६ टक्के लोकांना तंबाखूची कुठली ना कुठली सवय होती. हा आकडा 'धूम्रपान करणारे' म्हणून छापून येतो, आणि ते साफ चुकीचं आहे. ओढणारे होते ३.८ टक्के. खाणारे, चोळणारे, दाताला लावणारे, म्हणजे मळलेली तंबाखू, मावा, खर्रा, मशेरी हे सगळं मिळून २४.४ टक्के. काही जण दोन्ही करतात, म्हणून बेरीज जुळत नाही. याचा लेखावर थेट परिणाम होतो: विदर्भातल्या तालुक्याच्या गावात फक्त सिगारेटवर लिहिलेला लेख बहुतेक वाचकांना लागूच पडत नाही. तुमच्या गावात खर्रा चालत असेल तर खर्ऱ्यावर लिहा. देशपातळीवर याच सर्वेक्षणात तंबाखू वापरणारे २८.६ टक्के आणि ओढणारे १०.७ टक्के होते. आकड्यासोबत वर्ष नेहमी द्या.

'एक सिगारेट म्हणजे ११ मिनिटं कमी' अशी वाक्यं टाळा. ती एकूण नुकसानाला एकूण सिगारेटींनी भागून काढलेली सरासरी असते. चतुर वाचक म्हणतो, 'मग काल दहा मिनिटं चाललो, हिशेब मिटला', आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. 'धोका निम्मा होतो' हे लिहिताना कोणाच्या तुलनेत ते सांगा: सोडल्यावर एका वर्षानं हृदयविकाराचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, साधारण निम्म्यावर येतो.

खर्चाचा आकडा मात्र वाचकाकडूनच काढून घ्या. 'एक सिगारेट २० रुपयांची धरा, दिवसाला पाच. वर्षाला ३६,५०० रुपये.' त्यापुढे दुचाकी, फ्रिज, मुलीची फी अशी यादी जोडू नका. ती तुलना वाचक मनातल्या मनात आपली आपण करतो, आणि ती तुमच्यापेक्षा नेमकी असते.

चौथी पायरी: सुरुवात

'आजची तरुणाई व्यसनाच्या विळख्यात', 'भस्मासुर', 'काळाची गरज' हे शब्द दिसले की नजर पुढच्या बातमीकडे सरकते. शब्द वाईट आहेत म्हणून तसं होत नाही. त्यांच्यामागे चित्र उरलेलं नाही. पहिल्या दोन वाक्यांत जागा, अंतर किंवा वेळ यांपैकी काहीतरी मोजता येण्यासारखं ठेवा. उदाहरणार्थ: 'महाविद्यालयाच्या कुंपणापासून ही टपरी साठ पावलांवर आहे. अकरा वाजता मधली सुट्टी होते आणि अकरा वाजून तीन मिनिटांनी तिथे रांग लागते.' ही पावलं मोजलेली असावीत, कल्पनेतली नकोत. कुणी तपासायला गेलं तर आकडा टिकला पाहिजे. सुरुवात ८० ते १०० शब्दांत आटोपा आणि तिच्या शेवटी तुमचं मत उघड सांगून टाका. मत शेवटपर्यंत राखून ठेवणं कथेत शोभतं. मतलेखात वाचकाला तुम्ही कुठे उभे आहात ते आधी कळायला हवं.

पाचवी पायरी: विरोधी मताला सामोरे जा

लेखाची निम्मी जागा, म्हणजे ३५० शब्दांच्या आसपास, इथे खर्च करा. वाचकाच्या मनातलं कारण त्याच्याच शब्दांत, त्याच्या सगळ्या बळानिशी मांडा. दुबळं करून मांडलेलं कारण त्याला ओळखू येत नाही, आणि मग उत्तरही त्याला दिलेलं वाटत नाही. एका लेखात फार तर दोन कारणं घ्या. कोणाला काय उत्तर लागू पडतं ते असं:

'मी दिवसाला एक-दोनच ओढतो.' हे कारण सुशिक्षित वाचकात सगळ्यांत पक्कं बसलेलं असतं, कारण त्यात तर्क आहे: वीसच्या जागी एक, म्हणजे धोकाही विसाव्या भागाइतका. फुफ्फुसाच्या कर्करोगाबाबत प्रमाण बरंच महत्त्वाचं ठरतं, हे कबूल करा. हृदयाचं गणित मात्र असं चालत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ साली काढलेल्या निष्कर्षानुसार, दिवसाला २० ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्यातला जवळपास निम्मा धोका एकच ओढणाऱ्यालाही असतो. कमी केल्याचा अभिमान त्याच्याकडे राहू द्या, आणि उरलेली एक का सोडायची ते सांगा.

'ताण हलका होतो.' याला 'खोटं आहे' असं उत्तर देऊ नका, कारण त्याला खरोखरच बरं वाटतं. ते का वाटतं हे उलगडा. झुरका घेतल्यावर साधारण १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. काही वेळानं त्याची पातळी उतरते आणि बेचैनी सुरू होते. पुढची सिगारेट ती बेचैनी शमवते, आणि साहेबांनी दिलेला ताण जिथल्या तिथेच राहतो. सोडल्यानंतर काही आठवड्यांनी लोकांची चिंता आणि ताण कमी झालेला आढळतो, हे २०१४च्या एकत्रित विश्लेषणात दिसलं आहे. हा परिच्छेद नीट जमला तर तोच लेखाचा कणा होतो.

'आजोबा विडी ओढून नव्वद वर्षं जगले.' आजोबांना नाकारू नका. डॉक्टरांच्या त्याच अभ्यासानुसार आयुष्यभर ओढत राहणाऱ्यांपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त तंबाखूमुळे मरतात, म्हणजे बाकीचे त्यातून वाचतात. आजोबा त्या वाचलेल्यांतले. ज्यांचे आजोबा पंचावन्नाव्या वर्षी गेले त्यांच्याकडे सांगायला किस्सा नाही, म्हणून आपल्या कानावर एकाच बाजूचे आजोबा येतात. शिवाय विडी सौम्य असते हा समजही इथेच दूर करा. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते, पण तेंदूच्या पानात हवा कमी खेळते, ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात, आणि निकोटिन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच आत जातात.

'माझं शरीर, माझी मर्जी.' घराबाहेर एकट्यानं ओढणाऱ्या प्रौढाच्या तोंडी या म्हणण्यात दम आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग दोन गोष्टी विचारा. पहिली, मर्जी कधी झाली? भारतात तंबाखू सुरू होण्याचं सरासरी वय १९च्या आसपास आहे. मित्रांच्या घोळक्यात घेतलेला तो निर्णय चाळिशीतला माणूस अजून फेडतो आहे. दुसरी, धूर कुठे थांबतो? दुसऱ्याच्या धुराची निर्धोक मात्रा कुठलीच नाही, हा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य-अधिकाऱ्यांनी, २००६ साली नोंदवला. पंखा आणि उघडी खिडकी वास घालवतात, धोका घालवत नाहीत.

'सरकारला महसूल मिळतो, विडी कामगारांची पोटं भरतात.' यातले दोन धागे वेगळे करा. महसुलाचं उत्तर आकड्यात आहे: ३५ वर्षांवरच्या लोकांमध्ये तंबाखूमुळे होणाऱ्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा आर्थिक बोजा २०१७-१८ साली १,७७,३४१ कोटी रुपये काढला गेला, सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्क्याहून थोडा जास्त. आदल्या वर्षीचा तंबाखूवरच्या उत्पादनशुल्काचा महसूल या रकमेच्या १२ टक्क्यांच्या आसपास होता. कामगारांचं उत्तर इतकं सोपं नाही, आणि ते सोपं करू नये. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या हातात दुसरं काम नसेल, तर तुमचा लेख तिच्याविरुद्ध वाचला जाईल. २००४ साली भारतानं मान्य केलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराचं कलम १७ अशा कामगारांना आणि शेतकऱ्यांना पर्यायी उपजीविका मिळावी असं सांगतं. ती मागणी तुमच्या मागणीच्या शेजारी ठेवा, किंवा हा विषय या लेखात घेऊच नका. अर्ध्या वाक्यात उडवून लावणं सगळ्यांत वाईट.

सहावी पायरी: भीती किती घालायची

सडलेल्या जबड्याचं वर्णन वाचून वाचक हादरतो आणि हादरलेला माणूस दोनपैकी एक काहीतरी करतो. सुटकेचा रस्ता दिसला तर त्या रस्त्यानं जातो. न दिसला तर तुमच्यावर चिडतो, 'अतिशयोक्ती आहे' म्हणतो आणि मनाच्या शांतीसाठी आणखी एक पेटवतो. आरोग्य-संवादाच्या संशोधनात हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. म्हणून एक नियम पाळा: भीतीचं एक वाक्य लिहिलंत तर सोडण्याबद्दलची दोन वाक्यं लिहायची.

ती वाक्यं ठोस हवीत. 'मनाचा निश्चय करा' म्हणणं म्हणजे आजवर न जमल्याचा दोष पुन्हा त्याच्याच माथी मारणं. त्याऐवजी सांगा की तलफ आणि चिडचिड पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते. तलफेची एक लाट काही मिनिटांत ओसरते. निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगम डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेता येतं. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे, तो निःशुल्क आहे आणि पाकिटावरही छापलेला असतो. बहुतेकांना सोडायला एकाहून जास्त प्रयत्न लागतात, हेही लिहा. मागच्या वर्षी सोडून पुन्हा सुरू केलेल्या वाचकाला त्या एका वाक्यानं धीर येतो.

सातवी पायरी: भाषा

'व्यसनी', 'बेजबाबदार', 'धुराडी' हे शब्द काढून टाका आणि 'ओढणारे' लिहा. दोष सवयीचा आणि ती विकणाऱ्याचा आहे. ज्याला पटवायचं आहे त्याला आरंभीच आरोपी केलं, तर तो बचावाची तयारी करतो.

'आता मुलीसुद्धा ओढू लागल्या!' हे वाक्य कुठल्याही रूपात नको. धूर फुफ्फुसात शिरताना मुलगा की मुलगी ते विचारत नाही. त्या उद्गारचिन्हामागे आरोग्याची काळजी नसून मुलीवर पहारा आहे, हे तरुण वाचक ताबडतोब ओळखतात आणि मग तुमच्या खऱ्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाहीत. संस्कृतीचा दाखलाही असाच उलटतो: चिलीम आणि विडी आपल्या चावडीवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

आठवी पायरी: छाटणी आणि वेळ

पहिला खर्डा ९००-९५० शब्दांचा होऊ द्या, एक रात्र ठेवा, मग मोठ्यानं वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. जिथे तुमचाच आवाज भाषणासारखा चढतो ती ओळ बहुतेक वेळा जादा असते. त्यानंतर फक्त आकडे, वर्षं आणि कायद्याची कलमं वेगळ्या रंगानं अधोरेखित करून एकेक मूळ ठिकाणी तपासा. करांचे दर वारंवार बदलतात, म्हणून जुन्या लेखातून उचललेला दर कधीही तसाच छापू नका.

३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाला संपादकाच्या टेबलावर अशा लेखांचा ढीग असतो. १०० यार्डांचा विषय शाळा-महाविद्यालयं उघडतात तेव्हा जूनमध्ये द्या, कराचा विषय जानेवारीच्या अखेरीस अर्थसंकल्पाच्या तोंडावर, सार्वजनिक ठिकाणच्या बंदीचा २ ऑक्टोबरच्या आठवडाभर आधी. सोबतच्या पत्रात दोनच ओळी लिहा: लेखातली मागणी काय, आणि ती आत्ताच का.

शेवटचा परिच्छेद ६० शब्दांहून मोठा नको, आणि त्यात नवा आकडा नको. पहिल्या परिच्छेदातल्या जागी परत या आणि मागणी सांगून थांबा: 'पंधरा जूनला फाटक उघडेल. जुलै संपण्यापूर्वी प्राचार्यांच्या सहीचं एक पत्र पोलीस ठाण्यात आणि महापालिकेत पोचायला हवं. अंतर मोजलेलं आहे, ते साठ पावलं भरतं.' लेख छापून आला की त्याचं कात्रण, तक्रारीच्या मसुद्यासह, त्याच दिवशी प्राचार्यांच्या कार्यालयात नेऊन द्या आणि पोच घ्या.